येणाऱ्याची ओवी

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. तुम्ही मात्र पोहोचता सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं मागे. गोदाकाठी एकनाथ महाराजांची कथा रंगली आहे. देव भक्तासाठी धावून येतो, हे ऐकताच शेजारची म्हातारी हात जोडते. चौथ्या चरणात आखडणारी ओवी तुमच्या कानात बसते.

आता दक्षिणेला, गोव्यातल्या साष्टीत, राशोलला. साल १६१६. रविवारची दुपार आहे, इगर्जीत दाटी झाली आहे आणि तुम्ही दाराशी उभे. पुढे एकजण नवीकोरी पोथी उघडतो. अक्षरं रोमी, कारण छापखान्यात मराठीचे खिळेच नाहीत. पण तो वाचू लागतो आणि तुम्ही दचकता, ही तर पैठणला ऐकलेली ओवी! पोथी 'ख्रिस्तपुराण', कर्ते १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स. जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, असं नवख्रिस्ती लोकांनीच त्यांना विचारलं होतं. त्या बंदीचं दुःख विसरून ही पोथी ऐकता येत नाही.

पोथीत आदाम चुकतो, बागेतून बाहेर पडतो. तारणारा येईल, असं वचन मिळतं आणि वाट पाहणं सुरू होतं. नोहा होतो, अब्राहाम होतो, दावीद होतो. तारणारा काही येत नाही. जवळजवळ ११ हजार ओव्यांपैकी चार हजारांवर ओव्या या पहिल्या पुराणातच, म्हणजे पोथीच्या पहिल्या भागातच, सरतात.

ही आस एकट्या यहुद्यांची नव्हे, साऱ्या राष्ट्रांची, अशी ख्रिस्ती श्रद्धा. म्हणून तर मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर सात यहुदी संदेष्ट्यांबरोबर परराष्ट्रांतल्या पाच भविष्यवादिनी, सिबिल, रंगवल्या. पैठणची म्हातारी ख्रिस्ताची वाट पाहत होती, असं मी म्हणणार नाही. तिचा देव तिला ठाऊक होता. पण देवाची वाट कशी पाहावी, हे मराठीला आधीच येत होतं. स्टीफन्स यांनी ते ओळखलं, हे त्यांचं मोठेपण.

१६१६ची छापील प्रत आज मिळत नाही. हस्तलिखितांनी पुराण तगवलं. १९०७ साली ते मंगळूरला रोमीत आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी पुण्यात देवनागरीत आणलं. हाती लागलं तर थेट बेथलेहेमच्या गोठ्याशी जाऊ नका. पहिलं पुराण आधी वाचा, आणि मोठ्याने वाचा.