विरोधकाची साक्ष

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ‘साक्ष देणं’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, आणि शेजाऱ्यांना दिसेल असं जगायचं, असा त्याचा अर्थ. शब्दाची परंपरा जुनी आहे. ग्रीकमध्ये साक्षीदाराला ‘मार्टुस’ म्हणतात. श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला इंग्रजीत ‘मार्टर’ म्हणतात ते याच शब्दावरून. आता कोर्टातला नियम आठवा. माणूस स्वतःच्याच बाजूनं बोलतो, तेव्हा त्या साक्षीला वजन किती द्यायचं?

पहिल्या तीन शतकांतले ख्रिस्ती त्यांच्या वागण्यामुळे वाढले, असं तुम्ही अनेक पुस्तकांत वाचाल. हे सिद्ध कसं करायचं? बहुतेक जण सुरुवात करतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याच्यापासून. साधारण इ.स. २६० च्या सुमाराला, साथीच्या काळात, त्यानं एक पत्र लिहिलं. आपले लोक जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा करत राहिले आणि त्यांच्यातले कित्येक मेले. बाकीच्यांनी मात्र जिवंत माणसं रस्त्यावर टाकली, असं तो सांगतो. पत्र युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात टिकलं आहे. पण जरा थांबा. लिहिणारा बिशप, जपणाराही बिशप. शिवाय साथीत लोक एकमेकांजवळ जायला घाबरतात आणि जे जातात ते मरतात, हे थुसिडिडीसनं अथेन्सच्या साथीबद्दल त्याआधी साडेसहाशेहून जास्त वर्षं लिहून ठेवलं होतं. शिकलेल्या ग्रीक माणसाच्या डोक्यात तो साचा तयारच असायचा. म्हणून डायोनिशियस खोटारडा ठरत नाही. पण ‘बाकीच्यांनी’ हा शब्द जपून वाचायला हवा.

मी मुळात विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला पहिल्यांदा भुरळ पडली ती आकड्यांची. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ मधल्या पुस्तकात हिशोब मांडला: इ.स. ४० मध्ये १,००० ख्रिस्ती धरा, दर दशकात ४० टक्के वाढ धरा, म्हणजे इ.स. ३०० पर्यंत ६० लाखांच्या थोडं पुढे जाता. कॅल्क्युलेटरवर करून बघा, १.४ चा २६ वा घात. वर्षाला ही वाढ जेमतेम ३.४ टक्के पडते, म्हणजे तीस जणांच्या गटात वर्षाला एक नवा माणूस! यासाठी बाजारात भाषणं ठोकायची गरज नाही. एक शेजारी, एक मेहुणी पुरते. मला हे फार आवडलं, अजूनही आवडतं. पण सुरुवातीचे १,००० हे गृहीत आहेत आणि शेवटचे साठ लाख हा अंदाज आहे. दोन बिंदू आपणच निवडले की त्यांच्यातून रेष जाणारच.

साथीचा हिशोब तर आणखी नाजूक. नुसतं पाणी, अन्न आणि शुश्रूषा मिळाली तरी मृत्यू खूप घटतात, असं धरून स्टार्क ख्रिस्ती लोकांत १० टक्के आणि इतरांत ३० टक्के मृत्यू मानतात. आता, २६० च्या आसपासची ती साथ कोणत्या रोगाची होती हेच अजून ठरलेलं नाही. शुश्रूषेनं किती जण वाचतात ते रोगावर अवलंबून असतं, आणि संसर्गजन्य रोगात सेवा करणारा स्वतः आजारी पडतो. डायोनिशियस तेच तर सांगतोय! त्याच्या पत्रातून १० टक्के निघत नाहीत.

मग उरतं काय? विरोधक उरतात.

दुसऱ्या शतकातला लुशियन हा टवाळखोर लेखक. त्यानं पेरेग्रिनस नावाच्या भोंदूवर एक उपहासात्मक लेख लिहिला. हा पेरेग्रिनस काही काळ ख्रिस्ती झाला आणि तुरुंगात गेला. तेव्हा पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगाबाहेर बसलेली असायची, आत जेवण जायचं, आशियातल्या शहरांतून सामायिक खर्चानं माणसं भेटायला यायची, असं लुशियन सांगतो. त्याला यांचं कौतुक नाही. हे लोक किती सहज फसतात, हा त्याचा विनोद आहे. विधवांचा तपशील तिथे ख्रिस्ती लोकांना मोठं करण्यासाठी आलेला नाही, म्हणूनच तो मोलाचा.

दुसरा विरोधक सम्राट ज्युलियन (राज्यकाळ ३६१ ते ३६३). गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो कुरकुरतो की हे गालीली स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, आणि आपण काहीच करत नाही. याहून चांगला पुरावा कुठला? मीही सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर हे पत्र टाकलं होतं. प्रश्न आला, ‘हे पत्र टिकलं कुठे?’ उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. ते आहे पाचव्या शतकातल्या सोझोमेनच्या ग्रंथात, आणि सोझोमेन ख्रिस्ती इतिहासकार. २००२ मध्ये पीटर व्हान नुफेलन यांनी हे पत्र बनावट असल्याचा युक्तिवाद केला. इतरांनी तो खोडायचा प्रयत्न केला. वाद मिटलेला नाही.

पहिल्या स्लाइडवर हे पत्र टाकू नका, एवढंच मी म्हणेन. ज्युलियनचं दुसरं लिखाण आहे. ३६३ मध्ये अंत्युखियाच्या लोकांनी त्याच्या दाढीची टर उडवली, तेव्हा चिडून त्यानं ‘दाढीद्वेष्टा’ नावाचं पुस्तक लिहिलं. ते त्याचंच, यावर वाद नाही. त्यात तो नवऱ्यांना टोमणा मारतो: तुमच्या बायका घरातलं सगळं गालीलींकडे नेतात, तुमच्या पैशानं गरिबांना जेवू घालतात, आणि त्यामुळे लोकांना या नास्तिकांचं कौतुक वाटतं. (नास्तिक म्हणजे ख्रिस्ती; देवळातले देव न मानणारे ते नास्तिक.)

हे वाक्य मला आता पत्रापेक्षा वजनदार वाटतं. त्यात साथ नाही, हुतात्मे नाहीत, टक्केवारीही नाही. शहर खरं आहे, राग खरा आहे, आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाणारं अन्न आहे. त्या बायकांपैकी एकीचंही नाव ज्युलियन देत नाही.