घरी शिकलेलं पोर आणि इंग्रजीचा पेपर



मूल शाळेत न घालता घरीच शिकवावं, असं म्हणणारे पालक आता आपल्या चळवळीतही भेटतात. पोर पंधरा वर्षांचं झालं की प्रश्न येतो : इंग्रजीची परीक्षा कोणती द्यायची? राज्य मंडळाची, एनआयओएसची की केंब्रिजची? आम्ही म्हणतो, आधी इतिहास बघा.

जोतीरावांनी सावित्रीमाईंना घरी शिकवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढे माईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे रीतसर प्रशिक्षण घेतलं, हे सांगायचं राहून जातं.

आणि विषय निवडण्याचा हक्क? एल्फिन्स्टन हायस्कूलात बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतः शिकले. पण 1907 ला मॅट्रिक पास झाले नसते तर कॉलेज नव्हतं, आणि कॉलेजाशिवाय 1913 चं कोलंबिया नव्हतं. ज्ञान स्वतः मिळवता येतं, दार मात्र सर्टिफिकेटच उघडतं.

मराठवाड्याला हे दार उशिरा मिळालं. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच : 1918 चं उस्मानिया, तेही हैदराबादला आणि उर्दू माध्यमाचं. 1950 ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद.

आता आजचं बोलू. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. मराठी माध्यम घेतलं तर इंग्रजी तृतीय भाषा म्हणून द्यावी लागते. एनआयओएसच्या दहावीला शाळेचा दाखला नसला तरी चालतो, चौदा वर्षं पूर्ण हवीत. विषय आपण निवडायचे, त्यात इंग्रजी घेता येतं. केंब्रिजच्या आयजीसीएसईत इंग्रजी प्रथम भाषा आणि द्वितीय भाषा असे वेगवेगळे पेपर आहेत. पण फी बघून कामगार बाप मागे फिरेल, आणि पुढे समकक्षतेचे नियमही तपासावे लागतील.

आणखी एक गोष्ट चळवळीच्या घराने विसरू नये. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. तिथे आजोबांच्या शाळेतली नोंद कामी येते. ज्या व्यवस्थेने आजोबाला वर्गाबाहेर बसवलं, तिच्याच रजिस्टरातली एक ओळ नातवाचा हक्क वाचवते. म्हणून आपल्या समाजात कागदाला तुच्छ मानणं परवडत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. केंब्रिजच्या नावाला भुलू नका. पोराला पुढे कुठे जायचंय ते आधी ठरवा, तिथले प्रवेशाचे नियम वाचा, मग पेपर निवडा. परीक्षा 17 नंबरची द्या नाहीतर एनआयओएसची, इंग्रजी मात्र सोडू नका. आणि ऊसतोडीमुळे ज्या पोरीची शाळा सुटली, तिचाही फॉर्म शेजारी बसून भरा. घरी शिकणं तिने निवडलेलं नाही, पण परीक्षा तिलाही निवडता आली पाहिजे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.