बंद गाडीत जागणारी बॅटरी

आज डॅशकॅमबद्दल बोलायचंय. कुठला घ्यावा, किती मेगापिक्सेलचा घ्यावा, ते नाही. गाडी बंद करून आपण घरी जातो, त्यानंतर तो कॅमेरा रात्रभर जागा राहायला हवा असतो. त्यालाच पार्किंग मोड म्हणतात. आणि बरेचदा होतं काय, की नेमक्या त्या रात्री तो झोपलेला असतो. नाहीतर त्याच्या जागरणापायी सकाळी गाडीच चालू होत नाही. हे का होतं याचं उत्तर फ्यूज बॉक्समध्ये तर आहेच, पण त्याहून जास्त इतिहासात आहे.

तर चला, १८५९ सालच्या फ्रान्समध्ये. गॅस्टन प्लान्टे नावाच्या शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशी व्यवस्था केली, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. त्याआधीच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. ही मात्र पुन्हा भरता यायची. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली. तेवढ्याच वजनात जास्त वीज मावायला लागली आणि कारखान्यात बॅटऱ्या बनवणं परवडायला लागलं.

गंमत अशी, की मोटारीच्या जगात या बॅटरीचं पहिलं मोठं काम चाकं फिरवायचं होतं. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार, बेल्जियमच्या कामीय जेनात्झीची, विजेवर चालणारी होती. त्या काळची बॅटरी म्हणजे लांब पल्ल्याचा हमाल. हळूहळू, तासन् तास वीज द्यायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरून घ्यायची.

मग १९१२ साल आलं आणि बॅटरीची नोकरीच बदलली.

तोवर पेट्रोलची गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडे ॲम्बेसेडरच्या डिकीत ते हँडल पुढे कितीतरी वर्षं असायचं, घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. इंजिननं उलटा झटका दिला की हँडल हातावर बसायचं आणि हाड मोडायचं. अशाच फटक्यानंतर बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे गृहस्थ दगावले, आणि कॅडिलॅकच्या हेन्री लेलँड यांनी हँडल घालवायचंच असं ठरवलं, असं सांगितलं जातं. काम गेलं ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगकडे.

केटरिंगनं आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याच्या लक्षात आलं होतं, की ड्रॉवर उघडायला मोटर क्षणभरच लागते. मग ती दिवसभर टिकेल एवढी मोठी कशाला हवी? छोट्या मोटरला क्षणभर तिच्या ताकदीबाहेर राबवलं तरी ती जळत नाही. हीच कल्पना त्यानं गाडीत आणली. त्याचं यंत्र इंजिन चालू करताना मोटर व्हायचं आणि इंजिन चालू झालं की जनरेटर होऊन बॅटरी भरायचं. १९१२ च्या मॉडेलची कॅडिलॅक सेल्फ स्टार्टर घेऊन बाजारात आली. हँडल मारायचा त्रास गेला आणि विजेच्या गाड्यांचं एक मोठं आकर्षणही गेलं.

आता इथे थांबा, कारण आजचा मुद्दा इथेच आहे. आपण 'सेल्फ मारतो' तेव्हा बॅटरीला दोन-तीन सेकंद शंभराच्या वर अँपिअर द्यावे लागतात. त्यासाठी तिच्यात पातळ आणि जास्त प्लेटा घालतात. अशी बॅटरी म्हणजे शंभर मीटर पळणारा धावपटू. क्षणात पळेल, लगेच भरून घेईल. पण तिला रात्रभर पहाऱ्यावर उभं केलंत, अर्ध्याच्या खाली वारंवार रिकामी केलीत, तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि बॅटरी लवकर म्हातारी होते. पार्किंग मोड आपण या धावपटूला वॉचमनची ड्यूटी देतो, ही खरी अडचण आहे.

बंद गाडीत बॅटरी उतरते हा प्रश्न मात्र डॅशकॅमच्याही खूप आधीचा. जुन्या गाड्यांत डायनमो असायचा. इंजिन थांबलं की डायनमो वीज बनवणं थांबवतो, पण वायर तर जोडलेलीच असते. मग बॅटरीतली वीज उलटी डायनमोत जाऊन वाया जाणार. म्हणून मध्ये एक स्विच असायचा, त्याचं नाव कटआउट. डायनमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा जास्त झालं की तो जोडायचा, कमी झालं की तोडायचा. कटआउट चिकटून बसला की सकाळी बॅटरी डाउन! १९६० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लरनं व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला. त्यातले सिलिकॉन डायोड वीज उलटी जाऊच देत नाहीत, त्यामुळे ते काम करणारा कटआउट लागेनासा झाला. पण हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मधल्या काळात गाडीत विजेची तोंडं वाढत गेली. दिवे, हॉर्न, वायपर, १९३० पासून रेडिओ. इंजिनं मोठी झाली तशी सेल्फला ताकद कमी पडायला लागली, म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. फोक्सवॅगनची बीटल तर १९६७ च्या मॉडेलपर्यंत थांबली. या सगळ्यात एक वाटणी पक्की झाली. काही वायरी चावी फिरवल्यावरच जिवंत होणार, काही कायम जिवंत राहणार. जर्मनांनी तर त्यांना नंबर दिले. १५ म्हणजे चावीमागची, ३० म्हणजे थेट बॅटरीची कायमची, ३१ म्हणजे अर्थ. आजही जर्मन गाड्यांच्या वायरिंगच्या नकाशात हे नंबर दिसतात.

त्याच जर्मनीत पार्किंग मोडचा एक जुना भाऊबंदही सापडतो. अंधाऱ्या रस्त्यावर उभी केलेली गाडी दुसऱ्याला दिसावी म्हणून चावी काढल्यावर इंडिकेटरची दांडी एका बाजूला ढकलायची. मग फक्त त्या बाजूचा पुढचा आणि मागचा बारीक दिवा लागतो. रस्त्याकडच्या बाजूलाच धोका, मग दोन्हीकडचे दिवे कशाला? निम्म्या विजेत काम. बंद गाडीनं स्वतःची राखण करायची तर वीज मोजून वापरायची, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पुढे गाडीत कॉम्प्युटर आले. १९८६ मध्ये बॉशनं कॅन बस जगापुढे ठेवली आणि हळूहळू गाडीतले सगळे डबे एकमेकांशी बोलायला लागले. आता तुम्ही गाडी लॉक केली की हे डबे लगेच झोपत नाहीत. काही मिनिटं जागे राहतात, मग एकेक करून झोपतात. आणि झोपताना काही फ्यूजांची वीज स्वतःच तोडतात. म्हणजे जो फ्यूज चावी काढल्यावरही जिवंत दिसतो, तो अर्ध्या तासानंही जिवंत असेल याची खात्री नाही.

डॅशकॅम जगाला माहीत झाला तो १५ फेब्रुवारी २०१३ ला. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली आणि कितीतरी गाड्यांच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली. मग लोकांना वाटायला लागलं, चालत्या गाडीतून एवढं दिसतं तर उभ्या गाडीतूनही दिसावं. त्यासाठी आलं हार्डवायर किट. त्यात बहुतेक वेळा तीन वायरी असतात. पिवळी कायमच्या विजेला, लाल चावीमागच्या विजेला, काळी अर्थला. म्हणजे जर्मनांच्या भाषेत ३०, १५ आणि ३१. आणि किटच्या डबीत बसलाय आपला जुना मित्र कटआउट! बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की तो कॅमेरा बंद करतो.

माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगतो. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री कुणीतरी त्याच्या गाडीचा मागचा बंपर घासून गेलं. कॅमेरा पुढे-मागे दोन्हीकडे होता, पण त्या रात्रीचं रेकॉर्डिंगच नाही. शेजारच्या मुलानं नुकतीच गाडी शिकायला घेतलेली, त्यामुळे संशय त्याच्यावर. कॅमेरा बसवणारा म्हणाला बॅटरी खराब आहे. बॅटरीवाल्यानं तपासून सांगितलं, बॅटरी ठणठणीत. इकडे दोन घरांचं बोलणं बंद.

मी त्याला म्हटलं, कार्डातल्या मागच्या आठवड्याच्या फाइली काढ आणि रोज रात्री शेवटची फाइल किती वाजताची आहे ते लिही. रोज गाडी लॉक केल्यापासून साधारण २५ मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबत होतं. अगदी रोज तेवढंच. बॅटरी कमजोर असती तर वेळ कमीजास्त झाली असती. नेमानं एकाच वेळी थांबतं ते घड्याळ असतं, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर फ्यूज झोपवत होता. पिवळी वायर खरोखर कायम जिवंत असलेल्या फ्यूजवर हलवली आणि कॅमेरा सकाळपर्यंत चालायला लागला. बंपर कुणी घासला ते मात्र कळलं नाही ते नाहीच. पण पुरावा का नव्हता ते कळल्यावर भाऊ स्वतः शेजारी जाऊन बोलून आला.

तर शेवटच्या फाइलची वेळ हा तुमचा पहिला साक्षीदार.

चावी काढताक्षणी कॅमेरा बंद होतो? मग पिवळी वायर चावीमागच्या फ्यूजवर लागलीय. रोज ठरावीक मिनिटांनी बंद होतो? फ्यूज झोपतोय, किंवा कॅमेऱ्यातच टायमर लावलाय, तो बघा. रोज वेगळी वेळ आणि ती कमी कमी होत चाललीय? बॅटरी पुरेशी भरत नाहीये किंवा म्हातारी झालीय. रात्रभर साधंच रेकॉर्डिंग चालू राहतं, पार्किंग मोड लागतच नाही? मग लाल वायरही कायमच्या विजेवर आहे, कॅमेऱ्याला वाटतंय गाडी चालूच आहे. सतत बंद-चालू होतो? काळी वायर रंग लावलेल्या बोल्टवर कसलीय का बघा. अर्थ कोऱ्या धातूवरच हवा, नाहीतर किटला व्होल्टेज खरंपेक्षा कमी दिसतं.

आता थोडं गणित. कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर घेतो असं धरू, गाडीचा स्वतःचा खर्च ०.०३. शुक्रवारी रात्री ८ ला लावलेली गाडी सोमवारी सकाळी ८ ला काढली, तर झाले ६० तास. म्हणजे जवळपास २० अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. नवी असतानाच अर्ध्याहून जास्त गेली! आणि ही भर ऑफिसच्या २० मिनिटांच्या फेरीत भरून निघत नाही, कारण शिशाची बॅटरी शेवटी शेवटी फार सावकाश भरते.

म्हणून कटऑफ. विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. किटमध्ये ११.८ चा पर्याय असतो, पण तो रोजच्यासाठी नाही. मी १२.२ ठेवा म्हणेन, आणि सोबत ८-१२ तासांचा टायमर. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. तिथे १२.४ ठेवलंत तर कॅमेरा लवकरच झोपेल, आणि बिघाड कशातच नसेल. ईव्हीवाल्यांनो, तुमच्याकडेही बहुधा १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असतेच, तेव्हा हे सगळं तुम्हालाही लागू.

फ्यूज तपासायचा तर मल्टिमीटर घ्या. दार उघडं ठेवून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं मिटवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. गाडी लॉक करा, चावी खिशात ठेवू नका, लांब ठेवा. अर्धा-पाऊण तास थांबून मग व्होल्टेज बघा. दार लावण्याआधी कुलूप परत उघडायला विसरू नका. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंगच्या फ्यूजांना हात लावायचा नाही. फ्यूज टॅपमध्ये कॅमेऱ्यासाठी वेगळा छोटा फ्यूज हवाच, वायर नुसती पिळून घुसवली तर आग लागू शकते. आणि जमत नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, फक्त 'अर्ध्या तासानं तपासलंत का?' एवढं विचारा.

गाडी दोन-चार दिवस हलणार नसेल तर पार्किंग मोड सरळ बंद ठेवा. रोजच जागरण हवं असेल तर कॅमेऱ्यासाठी वेगळी लिथियम बॅटरी मिळते. ती गाडी चालताना भरते आणि रात्री तीच खर्च होते. महाग आहे, पण धावपटूला धावपटूचं काम आणि वॉचमनला वॉचमनचं.

आज गाडीतून उतरलात की वेळ बघून ठेवा, आणि उद्या सकाळी शेवटची फाइल बघा. काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!