टाकीपासून फवाऱ्यापर्यंत



डिझेल इंजिनाविषयीं सामान्य माणसाला एवढें ठाऊक असतें कीं, तें पेट्रोलच्या इंजिनापेक्षां आवाज अधिक करतें आणि तेल कमी पितें. त्याला ठिणगी लागत नाहीं, हेंही पुष्कळांना माहीत असतें. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबावयाची कीं ती नुसत्या दाबानेंच तापून पांचशे अंशांच्या वर जावी, आणि त्या तापलेल्या हवेंत तेल सोडतांच त्यानें आपोआप पेट घ्यावा, एवढेंच त्याचें तत्त्व. परंतु तेल ‘सोडणें’ हा जो शब्द मीं सहज उच्चारला, त्या एका शब्दापायीं यंत्रशास्त्रज्ञांचीं शंभराहून अधिक वर्षें खर्ची पडलीं आहेत. आज मी आपणांस इंजिनाचा नव्हे, तर टाकींतून निघालेलें तेल ज्या वाटेनें सिलिंडरांत पोहोंचतें त्या वाटेचा इतिहास सांगणार आहें. त्याच्या उत्तरार्धासाठीं मीं अमेरिकेंतील एक गाडी निवडली आहे. पाठीमागें उघडा हौदा असलेल्या ह्या हलक्या मालमोटारीला तिकडे पिकअप म्हणतात, आणि आतां आपणही तोच शब्द वापरतों.

रुडॉल्फ डिझेल ह्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट १८९२ च्या फेब्रुवारींत मागितलें आणि पुढील वर्षीं ऑग्सबर्गच्या कारखान्यांत प्रयोग आरंभिले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्रोफेसर श्रोटर ह्यांनीं त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं २६.२ टक्के उष्णता कामीं आल्याचें आढळलें. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या यंत्राची मजल ह्याच्या निम्म्याच्या आसपास होती. पण ज्या सिलिंडरांत तीस-पस्तीस वातावरणांचा दाब आहे, त्यांत तेल घालावयाचें कसें? डिझेलनें हवेचाच आधार घेतला. एक निराळें यंत्र जोडून त्याहूनही अधिक दाबाची हवा तयार करावयाची, आणि तिच्या झोतानें तेल आंत फुंकावयाचें. उपाय लागू पडला. परंतु हवा दाबणारें तें यंत्र अवजड, महाग आणि इंजिनाच्याच शक्तीचा मोठा वांटा खाणारें होतें. वीजघरांत किंवा जहाजावर तें खपून जाई. मोटारींत तें ठेवणार कोठें? २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ आगबोटीवरून डिझेल नाहींसा झाला. त्या वेळीं त्याचें इंजिन समुद्रावर संचार करीत होतें, पण रस्त्यावर आलें नव्हतें.

हवेचा झोत टाळून नुसत्या पंपाच्या दाबानें तेल आंत मारावें, ही कल्पना इंग्लंडांत व्हिकर्स कंपनीच्या मॅकेक्नी ह्यानें १९१० मध्यें पुढें मांडली. जर्मनींत प्रॉस्पर लोरांज ह्यानें सिलिंडराला लागून एक लहानशी कोठडी ठेवून कमी दाबाच्या फवाऱ्यावरही भागेल अशी तजवीज केली. १९२३ मध्यें बेंझ कंपनीची आणि १९२४ मध्यें एम. ए. एन. कंपनीची डिझेलची मालमोटार रस्त्यावर आली. तरी प्रत्येक कारखानदार आपला पंप आपल्या परीनें घडवीत होता, आणि बहुतेकांचे पंप रडत-कढतच चालत होते.

येथें श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश ह्यांचा प्रवेश होतो. बॉश ह्यांचें नांव व वैभव पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोवर उभें होतें. ज्या इंजिनाला ठिणगीच नको तें रस्त्यावर आलें, तर मॅग्नेटोचें काय होणार, हा प्रश्न त्या व्यवहारी पुरुषाला पडला नसेल असें मानणें कठीण आहे. १९२२ मध्यें त्यांच्या कारखान्यानें तेलाच्या पंपाचें काम हातीं घेतलें आणि १९२७ च्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागला. हा पंप थोडा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सिलिंडरासाठीं त्यांत एक लहानसा दट्ट्या असतो, आणि त्याचें वर-खालीं जाण्याचें अंतर नेहमीं तेंच राहतें. मग तेल कमी-अधिक कसें करावयाचें? त्या दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खांच कोरलेली असते. दट्ट्या वर चढतांना बाजूचें भोंक झांकलें जातें आणि तेलावर दाब येतो. खांच भोंकासमोर आली कीं दाब सुटतो आणि उरलेलें तेल मागें वळतें. चालकानें पाय दाबला म्हणजे एक दांतेरी पट्टी त्या दट्ट्याला स्वतःभोंवतीं किंचित् फिरविते, खांच उशिरां समोर येते, आणि तेवढें तेल अधिक जातें. इतकी साधी युक्ति क्वचितच पाहावयास मिळते.

परंतु साधेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. दट्ट्या आणि त्याचें घर ह्यांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशांएवढीच असते. आपल्या डोक्याचा केंस तिच्या वीस-पंचवीसपट जाड भरेल. ह्या फटींत निराळें वंगण घालण्याची सोय नाहीं. डिझेल हेंच इंधन आणि डिझेल हेंच वंगण. तेलांत पाण्याचा थेंब आला तर तेथें गंज धरतो. धुळीचा कण आला तर ओरखडा पडतो. हवेचा बुडबुडा आला तर दाबच चढत नाहीं आणि इंजिन बंद पडतें. आपल्याकडचे कारागीर त्याला ‘एअर धरली’ असें म्हणतात. म्हणजे पंप जितका नाजूक झाला, तितका तो आपल्या पाठीमागच्या टाकी, गाळणी आणि तेल पुढें ढकलणारा लहान फीड पंप ह्या तीन साध्या वस्तूंच्या स्वाधीन झाला. पुढच्या सगळ्या इतिहासांत वैभव पंपाच्या वांट्याला आलें, आणि अपघात मात्र बहुधा ह्या तिघांपाशीं घडले.

आपल्या देशांत ही विद्या स्वातंत्र्यानंतर रुजली. १९४६ मध्यें खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. १९५१ मध्यें बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मिको’, स्थापन झाली. तिचेंच नांव २००८ मध्यें बॉश लिमिटेड असें झालें. नॉझल, म्हणजे फवाऱ्याची तोटी, हिच्या निर्मितीचा ह्या कंपनीचा मोठा कारखाना आपल्या नाशकांतच आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें डिझेल मोठ्या मालमोटारींत व ट्रॅक्टरांत स्थिरावलें होतें. पण पेट्रोल स्वस्त असल्यामुळें घरच्या गाडींत त्याला कोणी विचारीत नसे. १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडवून धरलें आणि हिशेब पालटला. १९७८ सालच्या गाड्यांत जनरल मोटर्सनें ५.७ लिटरचें डिझेल इंजिन आणलें, आणि तें शेव्हरोले पिकअपमध्येंही मिळूं लागलें. ह्या इंजिनाचे दोष अनेक होते. डिझेलच्या दाबाला त्याचे वरचे बोल्ट अपुरे पडत, ही गोष्ट बरीच गाजली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची उणीव निराळीच आहे : ह्या गाड्यांच्या तेलमार्गांत पाणी वेगळें करणारें भांडेंच ठेवलेलें नव्हतें. त्या वेळीं अमेरिकेंत पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्यें पाणी असणें ही नवलाची गोष्ट नव्हती. पाणी पंपांत जाऊन गंज चढूं लागला. मालक मंडळी आयुष्यभर पेट्रोलच्या गाड्या वापरलेली. टाकींत पाणी आलें कीं थोडा अल्कोहोल ओतावा, हा त्यांचा जुना तोडगा. तो त्यांनीं येथेंही केला, आणि त्या अल्कोहोलनें पंपांतील जोडांची हानि झाली. १९८५ मध्यें हें इंजिन बंद झालें, पण डिझेलचें नांव अमेरिकन घरांतून पुढें कितीतरी वर्षें गेलें. थोड्याशा खर्चाचें एक भांडें वगळल्याचें हें फळ संपूर्णपणें म्हणतां येणार नाहीं; तरी त्याचा वांटा लहान नव्हता.

पिकअपमध्यें डिझेलची अब्रू परत मिळविली ती मुख्यतः १९८९ च्या डॉज गाडीनें. तींत कमिन्स कंपनीचें सहा सिलिंडरांचें ५.९ लिटरचें इंजिन होतें. मुळांत तें कामकरी यंत्रांसाठीं घडविलेलें. म्हणून दणकट, धीम्या चालीचें. १९९४ पासून त्याला बॉशचा ओळीचा पंप मिळाला. १९२७ च्या पंपाचाच तो धिप्पाड वंशज होता. ह्या पंपानें अमेरिकेंतील हौशी मालकांना वेड लावलें. एखादी पट्टी घासून किंवा बदलून तेल वाढवावें, मोठ्या भोंकांच्या नॉझल बसवाव्या, आणि इंजिनाची शक्ती पाहतां पाहतां दीडपट करावी, असा उद्योग गांवोगांवच्या गॅरेजांत चालूं झाला. पंप बिचारा सहन करी. धूर मात्र काळाकुट्ट निघे.

१९९८ मध्यें धुराचे नियम कडक झाले आणि त्या जागीं विजेच्या मेंदूनें चालणारा फिरता पंप आला. ही हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटते. ह्या पंपाला वंगण डिझेलचें, आणि थंडावाही डिझेलचाच. लागतें त्याहून पुष्कळ अधिक तेल त्यांतून सतत खेळत राहून परत टाकींत गेलें पाहिजे. तें पुरविण्याचें काम ज्या लहानशा विजेच्या फीड पंपाकडे होतें, तो टाकीपासून दूर, इंजिनाच्या अंगावर बसविलेला होता. त्याला तेल लांबून ओढून घ्यावें लागे. आपला शेतकरी विहिरीवर पंप बसवितांना तो शक्य तों आंत, पाण्याजवळच्या ओट्यावर ठेवतो. कारण पंप पाणी वर पुष्कळ उंच ढकलूं शकतो, पण खालून ओढून घेण्याची त्याची मर्यादा पंचवीस फुटांच्या आसपास संपते. शिवाय ओढणाऱ्या नळीचा जोड सैल असला तर बाहेर थेंबही गळत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते आणि कोणाला पत्ता लागत नाहीं. डॉजच्या गाडींत नेमकें हेंच घडे. फीड पंप हळूहळू थकत जाई, तरी गाडी चालतच राही, कारण मोठा पंप स्वतःपुरतें तेल कसेंबसें ओढून घेई. आणि एके दिवशीं हजार डॉलरांहून अधिक किंमतीचा तो मोठा पंपच मान टाकी.

दुर्दैव असें कीं, मालक लोक सुधारणा करीत तीही उलट्या टोंकाकडून. आधीं अधिक तेल मागणारी विजेची पेटी, मग मोठ्या नॉझल. पुरवठ्याची वाट होती तशीच. अनुभवानें शहाण्या झालेल्या कारागिरांनीं क्रम पालटला. प्रथम चालकासमोर दाबाचा कांटा बसवावयाचा. चढावर भरधांव जातांना तो दर चौरस इंचाला दहा पौंडांच्या खालीं उतरतां कामा नये. मग फीड पंप चौकटीवर, टाकीच्या शेजारीं न्यावयाचा, नळी रुंद करावयाची, पाणी निराळें करणारी गाळणी आधीं आणि बारीक गाळणी मागून लावावयाची. एवढें झाल्यावरच नॉझलला हात. पुढें कंपनीनेंही नव्या गाड्यांत फीड पंप टाकीच्या पोटांतच ठेवला.

२००३ पासून ह्या पिकअपला नवी पद्धति मिळाली. ती १९९७ मध्यें इटलीच्या आल्फा रोमिओ मोटारीनें प्रवाशांच्या गाड्यांत प्रथम रूढ केली होती. हींत एका जाड पोलादी नळींत तेल कायम प्रचंड दाबाखालीं सांठवून ठेवतात आणि विजेच्या इशाऱ्यानें प्रत्येक नॉझल उघडते. दाब आरंभीं तेराशे वातावरणांच्या आसपास होता, पुढें दोन हजारांच्या वर गेला. अशा दाबाखालीं कुठें गळती आहे हें बोटानें चाचपणें हा जिवावरचा खेळ आहे. धार कातडीखालीं शिरते. जाणते लोक पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरतात. गाळणी बदलण्याची रीतही पालटली. पूर्वीं नवी गाळणी डिझेलनें भरूनच चढवीत. आतां तसें केलें तर डब्यांतलें न गाळलेलें तेल थेट स्वच्छ बाजूस जातें, म्हणून ती कोरडीच बसवून फीड पंपानें भरूं द्यावी, असें सांगतात.

त्यांत तेलही बदललें. २००६ पासून अमेरिकेंत डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १५ भाग झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून ती १० आहे. हवेसाठीं ही गोष्ट उत्तमच झाली. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेंत तेलाला स्निग्धपणा देणारे कांहीं घटकही निघून जातात, आणि ते शुद्धीकरण कारखान्यांत पुन्हां निराळे मिसळावे लागतात. अशा कोरड्या तेलावर २०११ पासून फोर्ड व जनरल मोटर्सच्या पिकअपांत बॉशचा नवा, अधिक दाबाचा पंप आला. त्यांतील रूळ आपल्या जागीं किंचित् वळला कीं धातूला धातु घासून चुरा होई, आणि तो चुरा नळ्या, नॉझल व परतीच्या वाटेनें टाकी अशा सगळ्या तेलमार्गांत पसरे. मग पंप बदलून भागत नसे. सारेंच काढून फेंकावें लागे, आणि खर्च दहा हजार डॉलरांच्या घरांत जाई. जनरल मोटर्सनें २०१७ मध्यें तो पंप सोडला. डॉजच्या वंशांतील रॅम गाडीनें २०१९ मध्यें तोच पंप घेतला, आणि २०२१ मध्यें ती पुन्हां जुन्या पंपाकडे वळली. विकलेल्या गाड्याही परत बोलावून त्यांचे पंप बदलून देण्यांत आले. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे मालक तर स्वखर्चानें आधींच्या पिढीचा पंप बसवून घेतात, आणि त्यालाच सुधारणा म्हणतात. अशी जुनी गाडी घेतांना तिकडचा सावध गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज नंतर ऐकतो. आधीं पंपावरची तेल मोजणारी झडप खोलावयास लावतो आणि तिच्या तोंडाशीं चमकते कण दिसतात का, तें पाहतो.