काचेच्या फुग्याची गोष्ट

सामू मोजायची मोजपट्टी १९०९ साली डेन्मार्कमध्ये सोरेन्सन यांनी मांडली. त्याच साली हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी पातळ काचेच्या फुग्याने आंबटपणा मोजून दाखवला. पण त्यातून मिळणारा विजेचा इशारा फारच क्षीण. १९३४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायची अडचण आली; तेव्हा आर्नोल्ड बेकमन यांनी तो इशारा वाढवणारं यंत्र बनवलं.

आपल्या हातातल्या सामू मीटरच्या टोकाला तसाच फुगा असतो. तो सुकला की आकडा चुकतो, म्हणून सोबतच्या द्रावणाने ओला ठेवायचा. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ हवा. पण बायांनो, सामू बरोबर आला म्हणजे पाण्यात जंतू नाहीत, असं नव्हे. जंतूंची तपासणी वेगळी करायलाच हवी.