ग्वामची रात्र: बंद होतं हे सगळ्यांना माहीत होतं

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं: विमानाला वाट दाखवणारं यंत्र बंद पडलं, तर कंट्रोलरला कळतं कसं? एका ओळीत उत्तर देऊन टाकणार होतो. मग ग्वाम आठवलं, आणि एका ओळीत भागेना.

आधी यंत्राचं सांगतो. आयएलएस म्हणजे धावपट्टीजवळचे दोन ट्रान्समीटर. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, ग्लाइडस्लोप किती उताराने खाली यायचं ते सांगतो. दोघांवरही पहारा असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. सिग्नल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की हा मॉनिटर ट्रान्समीटर बंद करतो. साध्या, म्हणजे कॅटेगरी एकच्या ग्लाइडस्लोपला आंतरराष्ट्रीय नियमाने यासाठी फार तर ६ सेकंद मिळतात. चुकीची वाट दाखवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं! मग टॉवरमधल्या पॅनेलवरचा दिवा बदलतो, बझर वाजतो.

काम आधीच ठरलेलं असेल तर तंत्रज्ञ कळवतात आणि नोटॅम निघतो. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना. ड्यूटी बदलताना उठणारा कंट्रोलर बसणाऱ्याला सांगतो. कधीकधी मात्र वैमानिकच आधी म्हणतो, ‘सिग्नल मिळत नाहीये.’ मग कंट्रोलर मागच्या विमानाला विचारून खात्री करतो. एकूण काय, अशी यंत्रं बंद पडतात ती बोंब मारूनच.

आता ग्वाम. पॅसिफिकमधलं, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. ६ ऑगस्ट १९९७, मध्यरात्र उलटून गेलेली, पाऊस. सोलहून कोरियन एअरचं ८०१ येत होतं. बोइंग ७४७, आत २५४ माणसं. ग्वामचा ग्लाइडस्लोप ७ जुलैपासून बंद होता आणि तसा नोटॅम निघालेला होता. कॅप्टनने स्वतः सहकाऱ्यांना तसं सांगितलं होतं. उतरायची परवानगी देताना रडारवरच्या कंट्रोलरनेही बजावलं, की ग्लाइडस्लोप वापरता येणार नाही. म्हणजे सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. तरी शेवटच्या मिनिटांत कॉकपिटमध्ये चर्चा सुरू झाली: ग्लाइडस्लोप चालू आहे का? एक म्हणतोय चालू, दुसरा म्हणतोय वापरण्यासारखा नाही. त्या गोंधळात विमान खाली-खाली येत राहिलं आणि १ वाजून ४२ मिनिटांनी, विमानतळाच्या ३ मैल अलीकडे, निमित्झ हिलवर आदळलं. २२८ जण गेले.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्या रात्री अजून एक गोष्ट बंद होती.

तिच्यासाठी थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९७२, मायामीजवळ ईस्टर्नचं ४०१. वैमानिक पुढच्या चाकाच्या न लागणाऱ्या दिव्यात गुंतलेले आणि विमान हळूहळू दलदलीकडे चाललेलं. कंट्रोलरला पडद्यावर ९०० फूट दिसले. त्याने ‘कसं काय चाललंय?’ इतकंच विचारलं, कारण रडारचा आकडा कधीकधी चुकायचा. त्या अपघातानंतर कंट्रोलरसाठी एक गजर आला, एमसॉ. कॉम्प्युटर विमानाची उंची आणि खालची जमीन ताडून बघतो, आणि विमान धोकादायक खाली असेल तर कंट्रोलरला जागं करतो.

ग्वामला हा गजर होता, पण उगीचच फार वाजायचा. (फोनवरची नोटिफिकेशन्स आपण म्यूट करतो ना, तसंच इथेही झालं.) फेब्रुवारी १९९५ मध्ये सॉफ्टवेअर बदललं आणि ५४ नॉटिकल मैलांच्या वर्तुळात तो बंद केला. चालू राहिलं ते त्याच्या बाहेरचं १ मैलाचं कडं, किनाऱ्यापासून कितीतरी लांब. डोंगर, धावपट्टी, सगळं आतल्या बंद भागात! त्याच वर्षी जुलैमध्ये एफएए या अमेरिकी विमान खात्याच्या तपासणीत हे दिसलं, नोंदवलंही गेलं. दुरुस्त मात्र कोणी केलं नाही.

ग्लाइडस्लोप गप्प झाला की दिवा सांगतो. पण गजरच गप्प असेल तर? ‘सगळं ठीक आहे’ म्हणून न वाजणारा गजर आणि बंद असल्यामुळे न वाजणारा गजर, पडद्यासमोर बसलेल्याला दोन्ही सारखेच. ८०१ खाली येत होतं तेव्हा कंट्रोलरपुढे तशीच शांतता होती.

अमेरिकेच्या एनटीएसबीचा अहवाल २००० साली आला. मुख्य ठपका वैमानिकांवर आणि तो मला रास्त वाटतो. थकवा आणि अपुरं प्रशिक्षण हेही त्यात आहे. पण सोबत हेही लिहिलंय, की एफएएने गजर जाणूनबुजून बंद ठेवला होता आणि त्या यंत्रणेकडे नीट लक्ष दिलं नाही. तो चालू असता तर आदळण्याच्या ६४ सेकंद आधी वाजला असता.

अपघातानंतर एफएएने देशभरातले एमसॉ तपासायला घेतले. ग्वामच्या गजराबद्दलची नोंद तोवर दोन वर्षं कागदावर पडून होती.