मनोरुग्ण आरोपी : बोधनक्षमतेचे मूल्यमापन
गुन्ह्याचा आरोप असलेल्या मनोरुग्णाच्या अवधान, स्मृती, आकलन व विवेक या शक्ती कितपत शाबूत आहेत, हे ठरविण्याची वैद्यकीय व न्यायिक प्रक्रिया. कायद्यात प्रामुख्याने दोन प्रश्न उद्‌भवतात : कृतीच्या वेळी आरोपीला तिचे स्वरूप कळत होते काय आणि खटल्याच्या वेळी तो आपला बचाव करण्यास समर्थ आहे काय. दुसऱ्याचे उत्तर प्रत्यक्ष तपासणीने मिळते. पहिल्याचे मात्र मागाहून अनुमानानेच काढावे लागते.

इंग्लंडमधील मॅकनॉटन खटल्यानंतरचे नियम (१८४३) भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ८४ व्या कलमास आधारभूत ठरले. मनोविकलतेमुळे कृतीचे स्वरूप, अथवा ती गैर वा बेकायदा आहे हे, जाणण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीची कृती त्यान्वये गुन्हा ठरत नाही. केवळ विकार असणे पुरेसे नसते. लक्ष्मण दगडू खटल्यात (१८८६) तापाने चिडखोर झालेल्या पित्याने आपल्या मुलांना ठार केले होते. त्याला कृतीची जाणीव होती, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने त्यास दोषी धरले. उलट २००२ मध्ये महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या आधीचे व नंतरचे उपचार विचारात घेऊन त्याची पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्तता केली.

औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. भारतीय दंड संहिता तेथे १९५१ मध्ये लागू झाली. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आल्याने अपिले जवळ आली. तथापि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. तपासणीस जितका विलंब होतो, तितका कृतीसमयीच्या मनःस्थितीचा पुरावा विरळ होत जातो.

फोल्स्टाइन व सहकाऱ्यांच्या संक्षिप्त चाचणीत (१९७५) शंभरातून सात वजा करीत जाणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरविणे इ. कृती असतात. शाळेत न गेलेल्या शेतमजुराचे गुण विकाराविनाही कमी येऊ शकतात. उलट संभ्रमाने ग्रासलेला सुशिक्षित रुग्ण अचूक उत्तरे देऊ शकतो. यास्तव चाचणीस पूर्वोपचारांची कागदपत्रे, आप्तांची माहिती, घटनेपूर्वीचे व नंतरचे वर्तन आणि कारागृहातील निरीक्षण यांची जोड द्यावी लागते.

शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही न्यायालये विचारात घेतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने याच कारणास्तव रद्द केली. १ जुलै २०२४ पासून ८४ व्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमाने घेतली असली, तरी जाणण्याच्या क्षमतेची मूळ कसोटी कायम आहे.